तीन बाजू बंद, चौथी गुंडाळलेली

गझेबोला भिंती नसतात, हे मला गझेबो घरी आल्यावर कळलं.

पुण्याला नोकरीला असलेल्या आमच्या दीक्षाने तो ऑनलाइन मागवून परस्पर आमच्या पत्त्यावर पाठवला होता. खोक्यावर चित्र होतं. हिरवळीवर पांढराशुभ्र मांडव, चारी बाजूंना झुळझुळीत पडदे, एका पडद्याला खिडकी आणि आत एक गोरं कुटुंब हसत बसलेलं. खोक्यातून मात्र चार पाय आणि एक छप्पर निघालं. मी खोकं उलटं धरून झटकलं. तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं की बाजूचे पडदे वेगळे मागवावेत. कुटुंबाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

दीक्षाला फोन लावला. "बाबा, साइड पॅनल नेहमी वेगळेच असतात," ती म्हणाली. "तुम्ही जन्मभर मोजमापं केली. माप घ्या आणि तिथेच शिवून घ्या. तुम्हाला काय अवघड आहे?"

या वाक्याने माझ्या डोक्यात हवा गेली. मी भूमी अभिलेख कार्यालयातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालो. सख्ख्या भावांनी कुऱ्हाडी घेऊन एकमेकांवर धावावं आणि मी मोजणीची साखळी टाकून मध्ये उभं राहावं, अशी माझी नोकरी. काटोलपासून उमरेडपर्यंत लोकांनी माझ्या मापावर बांध घातले आहेत. एका मांडवाचे चार पडदे म्हणजे माझ्यापुढे काय होतं?

मुळात मांडव कशाला, तर यमुताईसाठी. यमुताई ही माझ्या बायकोची, प्रेमिलाची, मोठी बहीण. ती कन्हानला राहते. तिच्या घरापुढे एवढं अंगण आहे की पाहुणे एका टोकाला जेवत असले तर दुसऱ्या टोकाच्या माणसाला आमंत्रण आहे की नाही ते कळत नाही. दरवर्षी बुद्धपौर्णिमेला सगळे नातेवाईक तिच्याकडे खिरीला जमतात. आमच्याकडेही ती येते, पण स्वतःचा डबा घेऊन. भाजी, पोळी, चटणी आणि कधी कधी पाण्याची बाटलीसुद्धा. "तुले कायले तरास वं," असं म्हणून ती आमच्या हॉलमध्ये स्वतःचा डबा उघडते आणि वर आम्हालाच वाढते. प्रेमिला त्या वेळी हसते. ती गेल्यावर मात्र भांडी जरा जोरात घासली जातात.

यंदा प्रेमिलाने फोन करून सांगितलं, "ताई, या वर्षी खीर माह्याकडं."

पलीकडून यमुताईने विचारलं, "बसवशील कुठी?"

प्रश्न योग्य होता. आमच्या हॉलमध्ये एक दिवाण, एक फ्रिज आणि एक कूलर राहतो. उरलेल्या जागेत आम्ही राहतो. सात माणसं बसली की सातव्याला कूलरच्या तोंडाशी बसावं लागतं आणि त्याचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही. म्हणून गच्ची. आणि मे महिन्यातल्या नागपुरात गच्चीवर माणसं बसवायची म्हणून गझेबो.

गझेबो गच्चीवर उभा केला तोच शेजारच्या गच्चीतून आवाज आला, "वासनिकजी, हे काय उभारून राहिले?"

हे रुपराव भोयर. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, आणि आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, सोसायटीचे सचिव. आमची घरं एकमेकांना चिकटून आहेत. त्यांची गच्ची आमच्या पूर्वेला, मध्ये गुडघाभर उंचीची भिंत. माणूस सरळ आहे. इतका सरळ की त्याच्याशी बोलताना आपणच वाकडे आहोत असं वाटत राहतं.

"गझेबो आहे," मी म्हणालो.

"परवानगी?"

"अजी रुपरावजी, चार पाय अन् वर कापड. याले कशाची परवानगी?"

"सध्या चार पाय हायेत. पण तुम्ही बाजू लावणार. लावणार हाव का नाही?"

मी कबूल केलं. रुपराव भिंत ओलांडून आले, गझेबोला एक चक्कर मारली आणि मधोमध उभं राहून सांगायला लागले. "नियम पाहा. एक बाजू बंद म्हणजे आडोसा. दोन बाजू बंद म्हणजे जास्तीचा आडोसा. तीन बाजू बंद म्हणजे शेड. चार बाजू बंद म्हणजे खोली. खोली म्हणजे बांधकाम, अन् बांधकामाले सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते."

"सभा कधी आहे?"

"दिवाळीनंतर."

"चौथ्या बाजूले जिप लावली तर?"

"जिप म्हणजे दार. दार असलं म्हणजे खोलीच."

"अन् जाळी लावली तर?"

यावर त्यांनी विचार केला. "जाळीतून हवा जाते?"

"जाते."

"माणूस जाते?"

"नाही."

"मंग बंद," रुपराव म्हणाले. "एक बाजू कायम गुंडाळून ठेवा, कोणती ते तुम्ही ठरवा. अन् स्लॅबले छिद्र पाडू नका, खाली गळती लागते."

छिद्र पाडायचं नाही म्हणजे पाय बांधायचे कशाला? मी चार निळे प्लास्टिकचे ड्रम आणले, पाइप लावून ते काठोकाठ भरले आणि एकेक पाय एकेका ड्रमला दोरीने आवळला. आता हत्ती आला तरी गझेबो हलणार नाही, असं मी प्रेमिलाला सांगितलं. हत्ती येण्याची शक्यता कमी होती, त्यामुळे मला या विधानाची काळजी नव्हती.

राहिले पडदे. आपल्याकडे माणसाच्या घरी कुणी आजारी पडलं तर लोक दवाखान्याचं नाव सुचवून गप्प बसतात. पण पडदा म्हटलं की प्रत्येकाला काहीतरी आतून सुचतं. दीक्षा व्हिडिओ कॉलवरून म्हणाली, "बाबा, दक्षिणेला पारदर्शक प्लास्टिक लावा, मध्ये जिप. मोकळं वाटतं." रुपराव म्हणाले, "पश्चिमेले हिरवी नेट लावा. खात्यात आम्ही तेच लावत होतो." कशाला लावत होते ते त्यांनी सांगितलं नाही. प्रेमिलाचं मत पडलं की उत्तरेला वाळ्याची ताटी हवी, वर पाणी मारलं की थंडावा. रुपरावांच्या पत्नी दामिनीताई आमच्या बाजूने होत्या. त्यांनी हळूच प्रेमिलाला सांगितलं, "पूर्वेकडून जाड पडदा लावा वं. आमचे हे दिवसभर गच्चीवर बसून पाहत राह्यतात."

शहाण्या माणसाने यातलं एक निवडलं असतं. मी कोणालाच दुखवू शकलो नाही. शिवाय बाजू चार होत्या आणि सल्ले चार होते. अशी जुळणी सरकारी नोकरीतही कधी झाली नव्हती.

इतवारी बाजारात प्रेमानंद नावाचे एक ताडपत्री शिवणारे आहेत. माणूस अत्यंत होकारार्थी. "एक बाजू प्लास्टिक?" होऊन जाईन जी. "दुसरी नेट?" होऊन जाईन. "ताटीला कापडाची किनार?" काहून नाही होणार. लग्नाच्या डेकोरेशनमधला एक जांभळा मखमली पडदा, सोनेरी झालरीसकट, त्यांच्याकडे पडून होता. तो त्यांनी पूर्वेसाठी आपणहून काढून दिला. मी माप लिहिलेला कागद पुढे केला तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "माप बरोबर घेतलं ना साहेब?" मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्यांनी कागद खिशात घातला.

पडदे आले. लावले. वरच्या बाजूला ते इतके नेमके बसले की मी दोन पावलं मागे जाऊन हात कमरेवर ठेवले. मग खाली पाहिलं.

गझेबोचे पाय तिरपे होते. वर छप्पर जेवढं, त्याच्यापेक्षा खाली पाय बाहेर फाकलेले. उन्हाळ्यात म्हैस उभी राहते तसे. मी माप घेतलं होतं वरून. कारण भिंत छताएवढीच असते हे मी गृहीत धरलं होतं. त्यामुळे चारी कोपऱ्यांत, प्रत्येक पायाशी, एकेक उंच त्रिकोण उघडा राहिला होता.

प्रेमिला वर आली, तिने चारी त्रिकोण बोटाने मोजले. ती खाली गेली आणि जुन्या साड्यांचं गाठोडं घेऊन वर आली. संध्याकाळपर्यंत एका कोपऱ्यात नारिंगी नऊवारी, दुसऱ्यात मोरपंखी, तिसऱ्यात फुलाफुलांची आणि चौथ्यात माझं एक पांघरूण टाचून झालं. हिरवी नेट, जांभळी मखमल, पिवळट वाळा, चकाकणारं प्लास्टिक आणि कोपऱ्यांना साड्या. दामिनीताईंनी त्यांच्या गच्चीतून पाहिलं. "छान दिसून राहिला," त्या म्हणाल्या. मग भिंतीवरून वाकून म्हणाल्या, "आत जनावरं हायेत काय?"

दामिनीताईंना प्रेमिलाने खिरीचं आमंत्रण दिलं. रुपरावांना मी दिलं. त्यांनी हात जोडले. "तुमचं प्रकरण माह्यापुढे तपासणीत हाये, वासनिकजी. जोवर तपासणी चालू हाये तोवर मी तुमच्या घरचा चहा पण घेऊ शकत नाही. वाईट वाटून घेऊ नका."

मी वाईट वाटून घेतलं. पण ते दाखवलं नाही.

बुद्धपौर्णिमेच्या दिवशी नळ आले नाहीत. हे मला ठाऊक नव्हतं, कारण मी पहाटेपासून गच्चीवर कोणती बाजू उघडी ठेवायची या चिंतेत होतो. पूर्व उघडी ठेवली तर सकाळचं ऊन. दक्षिण उघडली तर रस्त्यावरच्या लोकांना वाटणार आत काहीतरी विकायला ठेवलं आहे. उत्तर उघडायची तर वाळ्याची ताटी गुंडाळली जात नाही, ती मोडते. शेवटी मी सूर्याबरोबर फिरायचं ठरवलं. ऊन जिकडे नाही तिकडची बाजू उघडी. दर खेपेला जुनी बाजू खाली सोडायच्या आधी मी नवी गुंडाळत होतो, म्हणजे क्षणभरसुद्धा खोली होऊ नये. रुपराव त्यांच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते आणि प्रत्येक वेळी मान हलवत होते.

चार-साडेचारला पाहुणे आले. यमुताई, तिचे यजमान बळीरामभाऊ, आणि मागून तिची दोन मुलं, सुना, नातवंडं. बळीरामभाऊ कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेत. अंधारात काम करून त्यांना न बोलण्याची सवय लागली आहे. यमुताईच्या हातात डबा होता.

"ताई, डबा कायले आणला?" प्रेमिला म्हणाली.

"राहू दे. लागला तर."

आम्ही सगळे गच्चीवर गेलो. यमुताई गझेबोपुढे उभी राहिली. वरपासून खालपर्यंत पाहिलं. प्रेमिलाचा हात पदराशी चाळा करत होता.

"मांडव कोणाचा वं?"

"दीक्षानं पाठवला."

"अन् ही माही साडी," यमुताई नारिंगी कोपऱ्याकडे बोट दाखवत म्हणाली. "तुह्या लग्नात तुले देल्ली होती."

प्रेमिलाने माझ्याकडे पाहिलं. जणू साडी मी टाचली होती.

त्रिशरण-पंचशील झालं. आत गालिचा अंथरला होता, मध्ये बुद्धमूर्ती, फुलं, आणि एका बाजूला खिरीचं मोठं पातेलं. वाळ्यावर पाणी मारलं होतं. खरं सांगतो, आत बरं वाटत होतं. बळीरामभाऊंनी टोपी काढून बाजूला ठेवली. यमुताईच्या सुनेने सांगितलं की असा गझेबो त्यांच्या मॅडमकडे आहे, पण तो एका रंगाचा आहे.

सूर्य कलला तशी मी पूर्वेची जांभळी मखमल गुंडाळली. चंद्र पूर्वेलाच उगवणार, आणि पौर्णिमेचा चंद्र पाहत खीर खावी ही प्रेमिलाची पहिल्यापासूनची इच्छा. मखमल वर गेली आणि समोर, दहा हातांवर, खुर्चीत रुपराव दिसले.

"हे कोण?" यमुताईने विचारलं.

"सचिव," मी म्हणालो.

"काहून पाहून राहिले?"

"तपासणी."

यमुताईने पदर सावरला. आमच्या मागचा सगळा गोतावळा सरळ बसला. जेवताना पोलीस समोर बसावा तसं झालं. खीर वाढायला घेतलेली प्रेमिलाही अवघडली. शेवटी यमुताईच मला म्हणाली, "संघपालजी, इकडचं टाका अन् तिकडचं उघडा. पश्चिमेकडून वारं सुटून राहिलं. बरं वाटन."

मी पश्चिमेची हिरवी नेट गुंडाळून वर लेसने बांधली, मग मखमल खाली सोडली. रुपराव झाकले गेले. वारा आत आला. सगळ्यांनी "हां" असा सुस्कारा सोडला. ती संध्याकाळची शेवटची शांत घटना होती.

कारण पश्चिमेकडून जे येत होतं ते वारं नव्हतं. आभाळाच्या कडेला विटकरी रंगाची धूळ उठली होती. ती जवळ येत गेली तशा गल्लीतल्या खिडक्या फटाफट बंद झाल्या. यमुताई म्हणाली, "पडदा टाका आता."

मी उठलो आणि पश्चिमेच्या लेसला हात घातला. तेवढ्यात मला आठवलं की हा पडदा टाकला की चारी बाजू बंद.

"थांबा," मी म्हणालो. "आधी दुसरी एक उघडावी लागेल."

"कायले?"

"नाही तर खोली होते."

यमुताईने माझ्याकडे पाहिलं. मग प्रेमिलाकडे पाहिलं. मोठ्या बहिणीने लहान बहिणीच्या संसाराबद्दल जे काही वर्षानुवर्षं मनात ठेवलेलं असतं, ते सगळं त्या एका नजरेत होतं. मी दक्षिणेच्या जिपकडे धावलो. जिपची ओढायची किल्ली सापडेना. प्रेमानंदांनी ती बाहेरच्या बाजूने बसवली होती, फक्त बाहेरच्या.

आणि वादळ आत शिरलं.

तीन बाजू बंद आणि एक उघडी असलेल्या वस्तूत वारा शिरला की काय होतं ते पतंग उडवणाऱ्या कोणत्याही पोराला विचारा. छप्पर फुगलं. मखमल पोटासारखी बाहेर आली. पाय करकरले. मी शांतपणे सांगितलं, "घाबरू नका. ड्रम भरलेले आहेत."

"अजी," प्रेमिला म्हणाली.

"काय?"

"नळ आले नाही सकाळी. कूलरले पाणी, तांदूळ धुवायले पाणी, भांड्यांले पाणी. तुम्ही खाली जेवत होते तवा मी पाइप लावून ड्रममधून घेतलं. सगळ्यातून थोडं थोडं."

मी जवळच्या ड्रमला टिचकी मारली. ढोलासारखा आवाज आला.

पोरांना जिन्यात पाठवलं. यमुताईने खिरीचं पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि ती त्याच्यासह भिंतीशी जाऊन बसली. सुनेने मूर्ती उचलली. एका पायाला मी धरलं, दुसऱ्याला प्रेमिलाने, तिसऱ्याला यमुताईच्या थोरल्याने, चौथ्याला बळीरामभाऊंनी. गझेबो वर ओढत होता, आम्ही खाली ओढत होतो. थोडा वेळ बरोबरीचा सामना झाला. मग एक झोत असा आला की बळीरामभाऊंचे पाय जमिनीवरून वीतभर सुटले. त्यांनी खाली पाहिलं, वर पाहिलं, आणि हात सोडून दिला.

"गेला," ते म्हणाले. त्या दिवसातला त्यांचा हा पहिला शब्द.

गझेबो उठला. हिरवी, जांभळी, नारिंगी, मोरपंखी अशी ती सगळी इस्टेट चार रिकामे ड्रम लोंबकळवत उठली, गुडघाभर भिंतीवरून सहज पलीकडे गेली आणि रुपरावांवर बसली. अगदी बरोबर बसली. खुर्ची मधोमध. दोन ड्रम टाकीला अडकले आणि दोन गच्चीच्या कठड्यात, म्हणून ती पुढे गेली नाही. धक्क्याने पश्चिमेची लेस सुटली आणि हिरवी नेटही खाली आली.

चारी बाजू बंद झाल्या. आत सचिव.

धूळ थोडी ओसरली तशी आम्ही भिंत ओलांडून पलीकडे गेलो. पारदर्शक प्लास्टिकमधून रुपराव दिसत होते. खुर्चीत तसेच बसलेले, डोक्यावर वाळ्याच्या काड्या, चष्म्यावर ताटीचं पाणी. ते काहीतरी बोलत होते, पण ऐकू येत नव्हतं. दामिनीताई खालून धावत आल्या. त्यांनी आत पाहिलं. "अवं माय," त्या म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून टाकीच्या मागे गेल्या. तिकडून बराच वेळ हुंदके देण्यासारखा आवाज येत होता. तो हुंदक्यांचा नव्हता.

पडदे जमिनीपासून वीतभर वर होते. रुपराव खालून सरपटत बाहेर येऊ शकले असते. पण सचिव माणूस, समोर कन्हानचे पाहुणे, सरपटणार कसा? मी जिपकडे गेलो. बाहेरून किल्ली ओढली. ती अर्ध्यावर आली आणि माझ्या हातात राहिली.

त्या अर्ध्या फटीतून रुपरावांचा आवाज आला. "वासनिकजी, चारी बाजू बंद हायेत."

"हो जी. मी काही केलं नाही."

"मी पाह्यलं. उडून आलं." त्यांनी चष्मा पुसला. "पण आता हे माह्या गच्चीवर हाये. म्हणजे बांधकाम कोणाचं झालं?"

मोजणीच्या वादात अशा प्रश्नाला उत्तर देऊ नये हे मला नोकरीने शिकवलं आहे. हद्द ओलांडली की वस्तू कोणाची, यावर माणसं वर्षानुवर्षं भांडतात.

तेवढ्यात पाणी आलं. मोठे थेंब, एकेक गच्चीवर चटकन वाजणारा. यमुताई पातेलं घेऊन भिंतीपलीकडे आडोसा शोधत होती. आमच्या गच्चीवर आता आडोसा उरला नव्हता, खोली तर नव्हतीच. प्रेमिला ओली होत उभी होती आणि तिचा चेहरा पाहून मला पहिल्यांदा या सगळ्याचं हसू आलं नाही.

दामिनीताई टाकीमागून आल्या. डोळे पुसलेले. त्यांनी हिरवी नेट वर उचलली आणि म्हणाल्या, "उभ्या काहून राहिल्या? या ना आतमंधी. अंगण कोणाचं पण असो, खीर तर तुमचीच हाये."

आम्ही शिरलो. आधी यमुताई, पातेल्यासह. मग सुना, मूर्ती, पोरं, बळीरामभाऊ. खुर्चीतल्या रुपरावांभोवती आम्ही जमिनीवर दाटीवाटीने बसलो. मागून नेट खाली पडली. बाहेर पाणी छपरावर वाजत होतं. प्लास्टिकच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यातून धुळीतून धुऊन निघालेला चंद्र हळूहळू वर येत होता, दोन ढगांच्या फटीतून. प्रेमिलाने वाट्या भरायला घेतल्या. पहिली वाटी तिने रुपरावांपुढे धरली.

सगळे थांबले. रुपरावांनी वाटीकडे पाहिलं, चारी बाजूंकडे पाहिलं, वर छताकडे पाहिलं.

"नियमानं," ते म्हणाले, "आपल्याच बांधकामात बसून खीर खायाले हरकत नाही."

त्यांनी तीन वाट्या खाल्ल्या. दुसऱ्या वाटीनंतर ते खुर्चीवरून उतरून गालिच्याशिवाय जमिनीवर आमच्यात बसले, आणि बळीरामभाऊंना शेडमधल्या आणि खोलीमधल्या फरकाबद्दल सांगायला लागले. बळीरामभाऊ ऐकत होते. रुपरावांना असा श्रोता आयुष्यात मिळाला नसावा.

गझेबो अजून तिथेच आहे. पाय वाकल्यामुळे तो मिटत नाही, आणि उघडा जिन्यातून उतरत नाही. दुसऱ्या दिवशी रुपरावांनी स्वतःच्या नावाने नोटीस काढली आणि सोसायटीच्या फलकावर लावली. चार दिवसांनी तिला स्वतःच खुलासा दिला. तो असमाधानकारक वाटल्यामुळे स्वतःला आणखी एक नोटीस दिली. हे प्रकरण आता दिवाळीनंतरच्या सभेपुढे आहे. तोवर ते रोज संध्याकाळी त्यात चहा घेतात, पूर्वेचा पडदा गुंडाळून. कधी मलाही हाक मारतात.

पण त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. पाणी थांबलं, पाहुणे निघायला लागले. यमुताई जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. तिच्या पायाशी तिचा डबा होता, दिवसभर न उघडलेला. तिने तो उचलला नाही. ती प्रेमिलाला म्हणाली, "खीर उरली असन तर दे वं थोडीशी. सकाळी खाईन."

प्रेमिला म्हणाली, "आणतो." आणि खाली गेली.

बराच वेळ झाला तरी ती वर येईना. मी खाली गेलो. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तिने घरातले सगळे स्टीलचे डबे काढून मांडले होते आणि त्यांच्यासमोर उभी होती. मला पाहून तिने पदराने नाक पुसलं.

"अजी," ती म्हणाली, "मधला देऊ का मोठा?"

"मोठा," मी म्हणालो.

"ताई वापस नाही करत डबे. कोणाचेच नाही करत."

"राहू दे."

तिने मोठा डबा उचलला, आतून एकदा पुसला, उजेडाकडे धरून पाहिला आणि पुन्हा पुसला.